मधल्या सुट्टीतलं दूध

मुलगी पोटात होती तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, पाच महिने अंगावर पाजायचं आणि सहाव्यात सोडवायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वर्षाचं नियोजन, महिन्याचं नियोजन, तासाचं टाचण, सगळं लिहून काढायची सवय लागलेली. बाळंतपणाची रजा सहा महिन्यांची, त्यातले पंधरा दिवस आधीच जाणार. उरले साडेपाच. त्यातले शेवटचे पंधरा दिवस दूध सोडवायच्या सरावासाठी. एका जुन्या टाचणवहीच्या मागच्या पानावर मी हे सगळं रीतसर मांडलं होतं. माझ्या नवऱ्यानं ते वाचलं आणि विचारलं, "याच्यावर लेकराची सही कुठं हाय?"

मी हसले, पण वही नीट ठेवून दिली.

माझं सासर सेलूचं. बाजारपेठेत भांड्यांचं दुकान, दुकानाच्या मागे घर. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले. मोठे दीर आणि जाऊबाई नागपूरला असतात. आत्याबाई तशा मायाळू, पण काही गोष्टी त्यांच्या डोक्यात दगडावर कोरल्यासारख्या पक्क्या. त्यातली एक म्हणजे, या घरच्या सुनांना दूध येत नाही. त्यांना आलं नाही, त्यांच्या सासूला आलं नाही, जाऊबाईंना आलं नाही. जाऊबाईंच्या मुलाला दीड महिन्यातच वरचं दूध सुरू केलेलं. मला सातवा महिना लागला तेव्हा आत्याबाई भाजी निवडता निवडता अगदी प्रेमानं म्हणाल्या, "तू मनाले लावून नको घेजो बाई. आपल्या घरात हे असंच हाय."

गंमत म्हणजे मला तेव्हा बरंच वाटलं. मला तर पाच महिनेच हवे होते. त्यातलेही काही कमी झाले तर दोष घराचा, माझा नाही.

ऑगस्टच्या शेवटी वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करून मुलगी झाली. गोरीपान नाही, काळीसावळी, कपाळावर आठ्या घालून आली, जणू आधीच्या वर्गातल्या गुरुजींनी काहीच शिकवलं नाही अशी तक्रार घेऊन. पोटाला टाके, कूस बदलायची तर डोळ्यांसमोर काजवे. दोन दिवस मी तिला छातीशी लावत होते आणि चमचाभर चीक सोडला तर काही येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अशी रडायला लागली की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आत्याबाईंनी माझ्या नवऱ्याला दारातच गाठलं.

"जाय, डब्बा घेऊन ये दुधाचा. मी म्हनत नव्हती का? पोट्टी उपाशी मरून राह्यली."

तो पायात चपला घालतच होता, तेवढ्यात नर्सताई आत आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, केसांत मोगऱ्याऐवजी पेन खोचलेलं. "कोनाले दूध नाई म्हनता?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरच्या सुनांले येतच नाई," आत्याबाई म्हणाल्या.

"आजी, दूध घराले येत नाई, बाईले येते." नर्सताईंनी माझ्या पाठीशी एक उशी लावली, दुसरी कुशीत दिली, मला एका अंगावर वळवलं. "टाके पोटाले हायेत ना? छातीले तर नाई? मंग झालं. असं निजूनच पाज." मग त्यांनी माझ्या मुलीचं तोंड धरलं, बोटानं हनुवटी खाली केली आणि नुसतं टोक नाही तर सगळा काळा भाग तिच्या तोंडात जाईल असं लावलं. दोन दिवस नुसतं चाटणाऱ्या त्या एवढ्याशा जिवानं जी ओढ घेतली ती मला पार पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणवली.

"तिचं पोट एवढंसं हाय," नर्सताईंनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, "बोराएवढं. बोरात किती मावते? हा चीक तिले भरपूर हाय. ती ओढंन तसं येईन. घडीघडी लावत राहाय. आन् आजी, तुमी हिले जेवू घाला, झोपू द्या, आन् दूध नाई हा शबद सव्वा महिना तोंडातून काढू नका. तेवढं जमंन?"

आत्याबाई त्या बोराएवढ्या पोटाकडे बघत राहिल्या. त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या अंगात कणकण आली, छाती दगडासारखी झाली आणि अचानक पान्हा फुटला. गाऊन, चादर, उशी, सगळं ओलं. मी रडत होते आणि हसत होते. माझी आई आष्टीहून आलेली होती. ती टॉवेल घेऊन धावली. आत्याबाई मात्र खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून एकच म्हणत होत्या, "अगं माय! अगं माय वं!"

डबा तरी नवऱ्यानं आणलाच होता. तो डबा आमच्याबरोबर आष्टीला माहेरी आला.

आष्टीचे ते अडीच महिने म्हणजे नुसती चैन होती. आई तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेली. सकाळी हालीमाची खीर, दुपारी भाकरी, लसणाची चटणी आणि पातळ वरण, मधे मेथीचे लाडू, जेवणानंतर भाजलेल्या शेपा. मी जेवायचे, पाजायचे, झोपायचे. पण सगळं काही गोड नव्हतं. दुसऱ्या महिन्यात आठवडाभर मुलगी रोज संध्याकाळी किंचाळायची. पाजलं तरी किंचाळायची, खांद्यावर घेतलं तरी किंचाळायची. माझा धीर सुटला आणि मी तो डबा दोनदा उघडला. दोन्ही वेळेस ती ते दूध प्यायली आणि तरीही किंचाळत राहिली. तेव्हा आई म्हणाली, "भूक नाई ती. तिन्हीसांजेची किरकिर हाय. तू बी अशीच करत होती." असं म्हणून तिनं तिला मांडीवर पालथं घातलं आणि पाठ थोपटत अंगणात फेऱ्या मारल्या. आठवड्यानं किरकिर आपोआप गेली. डबा मी पुन्हा उघडला नाही.

एकदा मी आईला विचारलं, "मला किती दिवस पाजलं होतंस?"

"तीन महिने." आई लाडवाचं पीठ मळत होती. "तीनच महिन्यांची रजा होती आमच्या वेळी. तुले आजीपाशी ठेवून कचेरीत जात होती. अकरा वाजले का छाती भरून येत होती. पोलकं ओलं. मंग काय, छातीशी फाईल धरायची आन् साहेबासमोर उभी राह्याची. साहेब म्हनत, बाई किती अदबीनं उभ्या राह्यतात!"

आम्ही इतक्या हसलो की मुलगी दचकून जागी झाली. हसून झाल्यावर आईनं डोळे पुसले. म्हणाली, "कामावर गेल्यावर दीड महिन्यानं आटलं ते. फाईल मात्र धरायची सवय राह्यली." मला त्या दिवशी टाचणवहीतलं ते पान आठवलं आणि पहिल्यांदाच वाटलं की हे पान मी कुणासाठी लिहिलं होतं?

दिवाळीनंतर सेलूला परत आले. जानेवारीच्या शेवटी सराव सुरू केला. हातानं दूध काढून स्टीलच्या वाटीत घ्यायचं, वाटी आधी उकळून घ्यायची, फ्रिजमधे झाकून ठेवायचं, मग आत्याबाईंनी कोमट पाण्यात वाटी धरून चमच्यानं पाजायचं. आत्याबाईंना फ्रिजमधलं दूध म्हणजे शिळं अन्न वाटायचं, पण नर्सताईंचं नाव सांगितलं की त्या गप्प बसायच्या. मुलगी मात्र ऐकेना. चमचा दिसला की ओठ असे मिटायची की सुई जायची नाही. बाटली दिली तर जिभेनं ढकलून द्यायची. वाटीतलं अर्धं दूध तिच्या मानेवर, अर्धं आत्याबाईंच्या लुगड्यावर.

फेब्रुवारीत मी शाळेत रुजू झाले. माझी शाळा केळझरच्या पुढे आतल्या रस्त्याला, एका लहान गावात. चौथीपर्यंतची, दोन शिक्षकी. मी आणि मुख्याध्यापक. ते निवृत्तीला आलेले, अबोल, बायकांशी बोलताना जमिनीकडे बघणारे गृहस्थ. पहिल्या दिवशी सकाळी पाजून मी गाडीवरून निघाले. अकराला छाती जड झाली. बारा वाजता फोन आला.

"हे पोट्टी तोंड उघडून नाई राह्यली," आत्याबाई म्हणाल्या. "मी गानं म्हटलं, टाळ्या वाजोल्या, मांजर दाखोली. नाई म्हंजे नाई."

"झोपवून बघा ना आत्याबाई."

"झोपली. उठली. पुन्हा रडून राह्यली. आता मीच रडतो का काय असं झालं."

मी मागच्या धान्याच्या खोलीत जाऊन दूध पिळून टाकलं आणि आईची फाईल आठवून रडले. संध्याकाळी गाडी कशी चालवली ते मलाच ठाऊक. घरी पोहोचले तर मुलगी माझ्यावर अक्षरशः झेपावली. पिता पिता मधेच थांबून माझ्याकडे रागानं बघायची आणि पुन्हा प्यायची.

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली. मुलं ताटं घेऊन रांगेत बसली होती, खिचडीचा वास सुटला होता, आणि शाळेच्या फाटकासमोर एक ऑटो थांबला. त्यातून आधी एक छत्री उतरली, मग एक पिशवी, आणि मग आत्याबाई. कडेवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. या बाई लग्नानंतर एकट्या सेलूबाहेर पडल्याचं मला माहीत नव्हतं. केळझरला गणपतीच्या दर्शनालाही त्यांना कुणीतरी सोबत लागायचं. मी पळत फाटकाशी गेले.

"तुह्या लेकीनं मले हरवलं," त्या म्हणाल्या. "घे. आधी पाज, मंग बोल."

सगळी शाळा बघत होती. मुख्याध्यापक ऑफिसातून बाहेर आले, आत गेले, पुन्हा बाहेर आले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही... ऑफिसात बसा. पंखा हाय तिथं." मी आत जाऊन दार लोटलं. बाहेर त्यांनी सगळ्या पोरांना ऑफिसापासून लांब कडुलिंबाखाली बसवलं आणि स्वतः दाराकडे पाठ करून उभं राहून पाढे म्हणून घ्यायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत पाढे! पोरं तोंडात खिचडी घेऊन "सात सक्कं बेचाळीस" म्हणत होती. माझी मुलगी सातच्या पाढ्यावर प्यायली आणि नवापर्यंत झोपली.

मी बाहेर आले तेव्हा मुख्याध्यापक घामानं निथळत होते. म्हणाले, "उद्या बी आणत जा. काही अडचण नाई." मग घाम पुसत म्हणाले, "आमच्या मिसेस बी शिक्षिका होत्या. दुसऱ्या तालुक्यात. त्यांना... असं कोनी म्हटलं नव्हतं." आणि घाईनं हजेरी घ्यायला निघून गेले. मधल्या सुट्टीत कोणी हजेरी घेत नाही.

अशी ती रीत पडली. नवऱ्यानं ओळखीचा ऑटो ठरवून दिला. तो साडेबाराला आत्याबाईंना आणायचा आणि परत न्यायला थेट शाळा सुटताना यायचा, कारण मधल्या वेळात त्याला दुसऱ्या फेऱ्या असत. म्हणजे आत्याबाई रोज चार तास शाळेत. मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी धान्याची खोली आवरून घेतली, पोती एका बाजूला रचली, खिडकीला सतरंजीचा पडदा केला, घरून एक आरामखुर्ची आणून ठेवली. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी छताच्या आकड्याला लुगड्याचा झोका बांधला. मुलगी प्यायची, झोक्यात झोपायची, आणि आत्याबाईंना काही कामच उरायचं नाही.

आठवडाभर त्या ओट्यावर बसल्या. मग एक दिवस पहिलीच्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मी बसली तर चालंन?" मी म्हटलं, बसा की. त्या मुलांमधे बसकरपट्टीवर बसल्या, पाय दुमडून, पदर सावरून. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती म्हणून वडिलांनी काढून घेतलं होतं. हे मला लग्नाला चार वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं. महिनाभरात एका बाजूला चार कच्ची मुलं घेऊन त्या बोट ठेवून ठेवून वाचून घ्यायला लागल्या. "अक्षर पाय, माह्या तोंडाकडं पाहू नको," असं त्या दटावायच्या. एका मुलाला 'ळ' काही केल्या जमत नव्हता. त्याला त्यांनी केळं देऊन 'ळ' शिकवला. केळं खाल्लं, 'ळ' आला. मुलं त्यांना आजीमॅडम म्हणायला लागली. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्या लाजून पदरात तोंड लपवून हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मार्चमधली एक दुपार. मी आरामखुर्चीत, मुलगी अंगावर, आत्याबाई तांदळाच्या पोत्यावर बसलेल्या. मुलगी पिता पिता माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. आत्याबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "मले बी येत होतं."

"काय?"

"दूध. लय येत होतं."

त्या झोक्याची दोरी धरून सांगत राहिल्या. माझा नवरा त्यांचा पहिला मुलगा नाही, दुसरा. पण दोघांच्या वेळी तेच. घरात तेव्हा सतरा माणसं. सव्वा महिना झाला की सून चुलीपाशी. बाळ समोरच्या खोलीत त्यांच्या सासूजवळ. ते रडायचं ते त्यांना आत ऐकू यायचं, पण तव्यावरची पोळी टाकून उठायचं तर सगळ्यांसमोरून जाऊन, मागून, घेऊन यायचं. नवी सून, कोण मागणार? तोवर सासूनं गाईचं दूध वाटीनं पाजलेलं असायचं. पोट भरलेलं लेकरू मग कशाला ओढेल?

"मंग कमी झालं. व्हनारच. पन त्याच्या आधी, मायबाई, अशी धार लागत होती का भाकरीच्या पिठात पडंन. मी मागच्या अंगनात जाऊन पिळत होती. पायाखाली येऊ नये म्हून लिंबाच्या झाडाच्या बुडाशी. त्या वर्षी लिंबं काय लागले म्हून सांगू!" त्या हसायला लागल्या. "सासू म्हने, झाड लय गुनाचं हाय. मी मनातच म्हनो, झाड नाई, मी गुनाची हाय."

मी हसले. मी म्हटलं, "आत्याबाई, मग तुम्ही सगळ्यांना सांगत होता की या घरच्या सुनांना..."

"सासू तसं म्हने. तिलेबी कोनीतरी तसंच म्हटलं असंन. ऐकून ऐकून मले बी खरंच वाटाले लागलं होतं वं." त्यांनी दोरी सोडली. "त्या नर्सबाईनं म्हटलं ना, दूध घराले येत नाई, बाईले येते. तवापासून डोक्यात घुमून राह्यलं ते."

त्या रविवारी त्यांनी नागपूरला जाऊबाईंना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, पण त्या फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलतात की शेजारच्यांनाही ऐकू जातं. "तुले मी म्हटलं होतं ना, तुले दूध नाई म्हून? चुकलं माहं. तू थकली होती, तुले ताप होता, कोनी तुह्यापाशी बसलं नाई. दूध नव्हतं असं नव्हतं." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून आत्याबाई म्हणाल्या, "रडली पहिले. मंग म्हने, पोरगा आता दहावीत हाय आई, आता सांगून काय फायदा? मंग हसली. उन्हाळ्यात येतो म्हने."

एप्रिलात सकाळची शाळा लागली, तसा ऑटोही सकाळीच यायला लागला. याच सुमारास खिचडी शिजवणाऱ्या ताईंची मुलगी पहिलटकरीण होऊन माहेरी आली. बारा दिवसांचं बाळ, आणि घरात तेच सुरू झालेलं, दूध नाही, डबा आणा. ताई चुलीपाशी डोळे पुसत होत्या. आत्याबाईंनी माझ्या मुलीला माझ्याकडे सोपवलं आणि म्हणाल्या, "चाल, मले घर दाखव."

त्या काय बोलल्या ते ताईंनी नंतर मला सांगितलं. आधी त्यांनी ताईंखेरीज खोलीतल्या सगळ्या बायकांना बाहेर काढलं. मग पोरीला आडवं निजवलं, पाठीला उशी दिली आणि बोट अंगठ्याला जुळवून दाखवलं. "हे पाय. एवढं पोट. बोराएवढं. आता बारा दिवसाचं झालं तर थोडं मोठं असंन, पेरूएवढं धर." लेकराचं तोंड कसं लावायचं ते दाखवलं. मग ताईंनाच दम भरला, "हिले कामाले लावू नको. हे तिचं कामच हाय." सलग चार दिवस त्या तिथं गेल्या. पाचव्या दिवशी पोरगी हसत दारात उभी, पोलक्याच्या पुढं ओले डाग, आणि आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या, "पाय, पाय, कसे नकाशे काढले!"

त्यानंतर त्या गावात बाळंतीण आली की आजीमॅडमना बोलावणं यायचं. सगळीकडे जमलंच असं नाही. एका बाईला मोठं आजारपण आलं, औषधं चालू होती, डॉक्टरांनी पाजू नको सांगितलं. ती फार रडत होती. आत्याबाई तिच्याजवळ बसून वाटीनं बाळाला दूध पाजत म्हणाल्या, "वाटीनं पाजलेला माहा पोरगा आज दुकान चालोते, बायकोले गाडी घेऊन देते. रडू नको." ते वाक्य मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो दिवसभर खूश होता.

जूनअखेर शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मुलगी दहा महिन्यांची. आता ती खिचडीही खायची, रांगत वर्गात यायची, खडू खायची. दुपारी एकदा प्यायची, तेही अर्धा वेळ मान वळवून पोरांकडे बघत. पाच महिन्यांचं माझं नियोजन कधीच मागे पडलं होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. रोज पुढचा दिवस येत होता, रोज कोणीतरी काहीतरी सोपं करून ठेवलेलं असायचं. पडदा, खुर्ची, झोका, ऑटो, पाढे. मी काही फार जिद्दीची बाई नाही. यातलं एक जरी नसतं तर मी सहाव्या महिन्यातच सोडवलं असतं, आणि मग मीही पुढे कुणाला तरी सांगितलं असतं की मला दूधच नव्हतं.

दुसऱ्या दिवाळीनंतर दुपारचं पाजणं बंद झालं, आत्याबाईंचं शाळेत येणं मात्र नाही. उरलं सकाळचं आणि झोपतानाचं. ती दोन वर्षांची झाली तसे लोक विचारायला लागले. हिंगणघाटला एका लग्नात नात्यातल्या बाईंनी मांडवातच नाकाला बोट लावलं, "अजून पाजतेस? शाळेत घालशील तेव्हाबी पाजशील का?" मी काही म्हणायच्या आत आत्याबाई बोलल्या, "शाळेतच तर पाजलं!" आणि जिलबी वाढायला पुढे गेल्या.

तरी मलाही वाटायला लागलं होतं की आता पुरे. कडुलिंबाचा पाला वाटून लावावा असं कुणीतरी सुचवलं. मी लावला. मुलीनं तोंड लावलं, तोंड वाकडं केलं, म्हणाली, "कलू." मग माझ्या ओढणीच्या टोकानं नीट पुसून काढलं, फुंकर घातली आणि प्यायला लागली. मी आणि आत्याबाई पोट धरून हसलो.

शेवटी सुटलं ते आपोआप, तिच्या तिसऱ्या दिवाळीच्या सुट्टीत, आष्टीला. आठवडी बाजाराचा दिवस होता. माझी आई नातीला घेऊन बाजारात गेली. संत्र्यांचे ढीग लागलेले. दुपारपासून अंधार पडेपर्यंत दोघी फिरल्या, मुरमुरे खाल्ले, बांगड्या भरल्या, बैलांना हात लावला. परत आली तेव्हा मुलगी धुळीनं माखलेली आणि दोन्ही हातांत एकेक संत्रं. सतरंजीवर बसून तिनं एक स्वतः सोललं, म्हणजे चिरडलं, अर्धं मला भरवलं, आणि दुसरं पोटाशी धरून तशीच आडवी झाली. मी वाट बघत होते. ती झोपली. सकाळी उठली आणि आधी अंगणात पळाली, मांजरीला शोधायला. त्याही दिवशी मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी एकदा मांडीवर येऊन बसली, छातीवर हात ठेवला, थोडा विचार केला, आणि म्हणाली, "मांजल कुते?"

शेवटचं पाजणं कोणतं होतं ते मला आठवत नाही. बाजाराच्याच दिवशी सकाळचं असणार. मी तेव्हा बहुतेक फोनवर शाळेचे निरोप बघत होते. आई माझ्या शेजारी येऊन बसली, मला एक संत्रं सोलून दिलं, फोड फोड करून, बिया काढून, मी सहा वर्षांची असल्यासारखं.

मी सेलूला फोन लावला. "आत्याबाई, सुटलं तिचं."

"सुटलं? रडली का?"

"नाही. मांजर शोधत होती."

"आन् तू?"

"थोडी."

"थोडं चालते," त्या म्हणाल्या. मग एकदम आवाज चढवून, "बरं, सोमवारी शाळा हाय ना? त्या ळ वाल्या पोराले आता जोडाक्षरं शिकवाची हायेत. ऑटोवाल्याले सांगून ठेवलं मी. येताना चार संत्री आनजो त्याच्यासाठी, जोडाक्षरं केळ्यानं नाई येत."